तार आणि तारतम्य

वैशाख लागला, की भोपाळच्या हबीबगंज भागात गच्चीवरचे आणि माळ्यावरचे लोखंडी कूलर खाली उतरू लागतात. गंजलेल्या टाक्यांना रंगाचा हात दिला जातो, जुन्या ताट्या काढून नव्या बसतात, आणि खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडवर त्या अवजड पेट्या पुन्हा आरूढ होतात. तेथील रेल्वे स्थानकाचे नाव २०२१ साली राणी कमलापती असे झाले; वस्तीला मात्र लोक अजून हबीबगंजच म्हणतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य निर्माण झाले आणि राजधानी नागपुराहून भोपाळला गेली, तेव्हा कचेऱ्यांच्या दप्तरांबरोबर अनेक मराठी कुटुंबेही तिकडे गेली. ग्वाल्हेर-इंदूरकडची काही आधीपासून त्या मुलखाशी परिचित होतीच. हबीबगंजला लागून असलेल्या अरेरा कॉलनीत आणि आसपासच्या सरकारी क्वार्टरांत आजही मराठी बोलणे कानी पडते. कूलरची विद्या तर नागपूरकराला कोणी शिकवावी लागत नाही.

कूलर जागेवर बसला, की वायरमनला बोलावणे जाते. असे एखादे जुने घर डोळ्यांपुढे आणावे. भिंतीवरच्या लाकडी पट्टीतून दोनच तारा गेलेल्या आहेत, एक फेज आणि एक न्यूट्रल. सॉकेटला भोके तीन आहेत. परंतु वरच्या मोठ्या भोकामागे तारच नाही. घरमालक पूर्वी सचिवालयात नोकरीला होते, त्यामुळे नियमाची चाड असलेले. ते विचारतात, "अर्थिंगचं काय?" वायरमन पक्कडीने बोटभर तार तोडतो, सॉकेटच्या आतच न्यूट्रलच्या टर्मिनलवरून ती अर्थिंगच्या टर्मिनलला जोडून देतो आणि स्क्रू आवळतो. "झालं काका. पंधरा वर्षं असंच करतोय, आजवर कुणाची तक्रार नाही." कूलर सुरू होतो. पेटीला टेस्टर लावला तर दिवा लागत नाही. घरात गारवा पसरतो आणि प्रश्न संपतो.

नियमाचे पुस्तक या बोटभर तारेला सक्त मनाई करते. वायरमनच्या गाठीशी पंधरा वर्षांचा अनुभव आहे. यांपैकी कोणाचे ऐकावे? हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. परंतु त्याच्या उत्तरावर त्या घरातील माणसांचा जीव अवलंबून आहे, हे अक्षरशः खरे आहे.

प्रथम वायरमनला न्याय दिला पाहिजे. त्याची युक्ती निव्वळ मूर्खपणाची नाही, तिच्यामागे अर्धे शास्त्र आहे. न्यूट्रलची तार रोहित्रापाशी जमिनीला जोडलेली असते. कूलरच्या आत फेजची तार झिजून पेटीला लागलीच, तर वीज त्या बोटभर तुकड्यातून न्यूट्रलवर धाव घेते, प्रचंड प्रवाह वाहतो आणि एमसीबी पडते. म्हणजे त्याने कल्पिलेल्या संकटातून ती युक्ती खरोखरच सोडवते. फक्त दुसरे एक संकट असते, ते त्याने कल्पिलेले नसते. जुन्या बोर्डातला न्यूट्रलचा एखादा स्क्रू वर्षानुवर्षे तापून-निवून सैल होतो आणि एके दुपारी तार निसटते. त्याच क्षणी पंखा थांबतो. परंतु फेज चालूच आहे. ती मोटरच्या वेटोळ्यांतून न्यूट्रलपर्यंत येते, पुढे वाट नसल्याने त्या बोटभर तारेवरून माघारी वळते आणि कूलरच्या सबंध लोखंडी पेटीवर २३० व्होल्ट घेऊन उभी राहते. यातील क्रूर भाग असा, की कूलर बंद पडलेला असतो. बंद पडला म्हणून माणूस त्याच्याकडे जातो. वीज गेली असे समजून ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहून पेटीला हात लावतो. ज्या खुणेवरून त्याने निर्धास्त व्हावे, तीच खूण येथे घात करते.

आता त्या पंधरा वर्षांकडे वळू. सुताराने चौकट वाकडी बसवली तर दार दुसऱ्याच दिवशी अडकते. हलवायाचा पाक चुकला तर घाण्यावर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या तोंडावरच ते कळते. अशा धंद्यांत अनुभव हा खरोखर गुरू असतो, कारण चूक लगेच परत येऊन कारागिराच्या कानाला धरते. घरातील विजेच्या कामात मात्र चूक बोलत नाही. अर्थिंग नसलेला सॉकेट आणि उत्तम अर्थिंग असलेला सॉकेट यांवर दिवा सारखाच लागतो, पंखा सारखाच फिरतो. सदोष काम वीस वर्षे बिनतक्रार चालू शकते आणि एकविसाव्या वर्षी, वायरमनचा त्या घराशी काही संबंध उरला नसताना, त्याचा हिशेब होतो. तो हिशेब त्याच्या कानावर जातही नाही. म्हणून "आजवर काही झालं नाही" या वाक्याला अनुभव हे नाव देणे चूक आहे. ते केवळ बातमी न पोचल्याचे प्रमाणपत्र आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांत विजेच्या धक्क्याने झालेल्या अपघाती मृत्यूंची संख्या गेली अनेक वर्षे दहा हजारांच्या वर राहिली आहे. हे सर्व मृत्यू घरांतले नव्हेत; शेतातल्या पंपांचे आणि तुटलेल्या वाहिन्यांचेही त्यात आहेत. तथापि त्या आकड्यातील किती जणांच्या घरी कोणी तरी आधी "काही होत नाही" म्हणून गेले असेल, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

नियमाचे मोल येथेच कळते. एका वायरमनच्या आयुष्यात जी चूक बोलत नाही, ती हजारो घरांच्या गोळाबेरजेत बोलते. आणि नियम ही त्या गोळाबेरजेची टिपणवही असते. इंग्लंडात दिवाबत्तीची वीज नुकती येऊ लागली होती, त्या १८८२ सालीच तेथील तार-अभियंत्यांच्या संस्थेने आगीच्या धोक्याविषयी पहिले नियम छापले. आपल्याकडे १९१० चा विद्युत कायदा आणि त्याखालील १९५६ ची नियमावली यांनी दीर्घकाळ राज्य केले. योगायोग असा, की भोपाळ राजधानी झाले ते हेच वर्ष, आणि पिपलानीच्या माळावर उभ्या राहिलेल्या हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कंपनीची स्थापनाही याच वर्षाची. ज्या शहरात प्रचंड रोहित्रे आणि टर्बाइने घडतात, त्याच शहरात कूलरच्या सॉकेटात बोटभर तार घातली जाते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. पुढे २००३ साली नवा विद्युत कायदा आला, २०१० आणि २०२३ साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची सुरक्षाविषयक विनियमने आली, आणि घरातील वायरिंगसाठी भारतीय मानक ७३२ आहेच.

१९५६ च्या नियमावलीतील ४५ व्या नियमाचा रोख पाहण्यासारखा होता. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलणे यांसारखी कामे सोडली, तर घरातील विजेचे कोणतेही काम परवानाधारक ठेकेदारानेच, सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या वायरमनकडूनच करवावे, असे तो सांगत असे. हेच तत्त्व पुढील विनियमनांतही टिकले. म्हणजे नियमकर्त्यांनी कामाच्या पद्धतीबरोबरच काम करणाऱ्याच्या जाणतेपणाचाही आग्रह धरला. पुस्तक असले, की माणूस कोणताही चालेल, असे त्यांना कधीच वाटले नव्हते. प्रत्यक्षात मात्र चाचणी-अहवालाच्या कागदावर सही करणारा एक आणि भिंतीत तार ओढणारा दुसराच, असा प्रकार पुष्कळ ठिकाणी आढळतो. तेथे नियमही नसतो आणि विवेकही नसतो. उरतो तो फक्त शिक्का.

त्याच नियमावलीचा ३२ वा नियमही असाच मुळापासून समजून घेण्याजोगा आहे. न्यूट्रलच्या तारेत स्वतंत्र फ्यूज किंवा एकेरी स्विच घालू नये, असे तो सांगत असे. जुन्या घरांतून दोन्ही तारांना एकेक फ्यूज दिलेला अजूनही सापडतो, आणि दोन म्हणजे दुप्पट सुरक्षित अशी समजूत असते. वस्तुतः न्यूट्रलचा फ्यूज आधी वितळला, तर दिवे विझतात. पण होल्डरमध्ये फेज जिवंतच असते. कूलरच्या पेटीने केलेला विश्वासघात येथे दिव्याच्या होल्डरकडून होतो. ज्याला हे कारण कळले, तो बोटभर तारेची युक्तीही आपण होऊन टाकून देईल. ज्याने केवळ नियमाचा क्रमांक पाठ केला, त्याला मात्र ती युक्ती म्हणजे वेगळीच गोष्ट वाटेल.

इतके झाल्यावर पुस्तक हाती घ्यावे आणि डोळे मिटून चालावे, असे म्हणता आले असते तर बरे होते. तसे म्हणता येत नाही. दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर दहाहून अधिक पॉइंट किंवा ८०० वॅटहून अधिक भार नसावा, हे बंधन वर्षानुवर्षे शिकवले गेले. ते ठरले तेव्हा प्रत्येक दिवा ६० वॅटचा आणि प्रत्येक पंखा ६० वॅटचा धरत. आज नऊ वॅटचे एलईडी दिवे लागतात. त्या हिशेबाने भाराची मर्यादा कधीच गाठली जाणार नाही. मग दहाचा आकडा निरर्थक झाला का? नाही. एक सर्किट बंद पडल्यावर सारे घर अंधारात बुडू नये आणि बिघाड शोधायला सोपा जावा, हाही त्याचा एक उपयोग आहे. हे ओळखणारा वायरमन जिन्यातला दिवा आणि स्वयंपाकघरातला दिवा वेगवेगळ्या सर्किटांवर ठेवील, मग तेथे पॉइंट सहाच का असेनात.

रंगांची गोष्ट अधिक गंभीर आहे. आपल्याकडील प्रचलित रीतीप्रमाणे भिंतीतील तारांत तांबडा, पिवळा आणि निळा हे तीन फेजचे रंग, काळा न्यूट्रलचा आणि हिरवा अर्थिंगचा. ब्रिटनने २००४ पासून रंग बदलले. तेथे आता घरात तपकिरी तार फेजची आणि निळी न्यूट्रलची. आपल्या मिक्सरच्या आणि इस्त्रीच्या वायरीतही निळी तार न्यूट्रलचीच असते. अरेरा कॉलनीतल्या थ्री-फेज जोडणी असलेल्या बंगल्यात एखादा हौशी गृहस्थ परदेशी मार्गदर्शिका वाचून भिंतीतली निळी तार न्यूट्रल समजून हातात धरील, तर त्या मार्गदर्शिकेत चूक काहीच नसेल. ती फक्त दुसऱ्या देशातली असेल. जाणता कारागीर रंग पाहतो, पण विश्वास मीटरवर ठेवतो.

तसेच उष्म्याचे. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार भिंतीतल्या पाइपातून नेली, तर ब्रिटिश कोष्टकाप्रमाणे ती २४ अँपिअर वाहते. कोष्टक बरोबर आहे. परंतु ते ३० अंश तापमान गृहीत धरते. भारतीय मानकाची कोष्टके ४० अंश धरतात. आणि हबीबगंजमध्ये मे महिन्याच्या दुपारी वरच्या मजल्याच्या स्लॅबमधल्या पाइपात काय असते? ते ५० अंश धरले, तर पीव्हीसी तारेची क्षमता ०.७१ पट, म्हणजे १७ अँपिअर होते. त्याच पाइपातून तीन सर्किटे कोंबली, तर आणखी ०.७ पट. चोविसाचे बारा होतात. तीन किलोवॅटचा गीझर १३ अँपिअर घेतो. त्या तारेवर १६ अँपिअरची एमसीबी बसवलेली असेल, तर तार आतल्या आत भाजत राहील आणि एमसीबी तिच्या मर्यादेत असल्याने स्वस्थ राहील. महाराणा प्रताप नगरातील शिकवणी-वर्गांसाठी येणाऱ्या मुलांची सोय म्हणून जवळपासची कितीतरी घरे खोली-खोलीने भाड्याने गेली. एका कुटुंबासाठी ओढलेल्या तारांवर खोलीगणिक एक कूलर आणि एक इमर्शन रॉड आला. पाइप मात्र तेवढेच राहिले. तेथे कोणते कोष्टक लावावे, हे कोष्टक सांगत नाही.

नियमपालनाचे सर्वांत मोठे सोंग अर्थिंगच्या खड्ड्यात दिसते. खड्डा खणला, पाइप पुरला, मीठ-कोळसा भरला, वर झाकण बसवले, की नियम पाळला असे होते. त्यात पाणी किती वर्षांत घातले नाही, हे कोणी विचारीत नाही. भोपाळची जमीन कुठे विंध्य पर्वताचा वालुकाश्म, कुठे काळा पाषाण आणि त्यावरची काळी माती, अशी आहे. काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, भेगा पडतात आणि पाइपाशी तिचा स्पर्श सुटत जातो. जेथे घराचे अर्थिंग केवळ आपल्याच खड्ड्यावर अवलंबून आहे, तेथे समजा त्या खड्ड्याचा रोध २० ओहम झाला. कूलरच्या पेटीला फेज लागली, तर २३० भागिले २० म्हणजे साडेअकरा अँपिअर जमिनीत जातील. १६ अँपिअरची एमसीबी हा प्रवाह निमूटपणे चालू देईल, आणि पेटीवर दोनशेहून अधिक व्होल्ट टिकून राहतील. अर्थिंग आहे, एमसीबी आहे, कागद आहे, आणि तरीही पेटी जिवंत आहे.

यावर तोडगा म्हणून आरसीसीबी हे उपकरण आले. फेजने गेलेला प्रवाह न्यूट्रलने पुरा परत येतो की नाही, याचा ताळा ते सतत घेत असते. घरगुती वापरासाठीच्या उपकरणात तीस मिलिअँपिअरची तूट आढळताच ते निमिषार्धात वीज तोडते. फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही तारा कोणी दोन हातांत धरल्या, तर मात्र त्याला काही कळणार नाही. तेव्हा तेही काही देवाचे कवच नव्हे. परंतु या गुणी पहारेकऱ्याचे नशीब पाहा. ते वरचेवर पडू लागले, की घरातले वैतागतात, आणि वायरमन ते "खराब" ठरवून बाजूला काढतो व तारा थेट जोडतो. पुष्कळदा ते पडण्याचे कारण इन्व्हर्टरसाठी दुसऱ्या सर्किटवरून उसना घेतलेला न्यूट्रल हे असते, किंवा ती बोटभर तार. पहारेकऱ्याने चोर दाखवला म्हणून पहारेकऱ्यालाच घरी पाठवण्याचा हा न्याय आहे.

आता पुन्हा त्या दोन तारांच्या जुन्या घराकडे. पुस्तक म्हणेल, सारे वायरिंग नव्याने करा. ते बरोबरच आहे. पण घरमालकांचे निवृत्तिवेतन बेताचे, घरात आजारी माणूस, आणि बाहेर मे महिना. येथे "नियमात बसत नाही" म्हणून हात झटकून जाणारा सचोटीचा वायरमन त्या काकांना दुसऱ्या, कमी सचोटीच्या माणसाच्या हवाली करून जातो, याची त्याला कल्पना नसते. खऱ्या जाणतेपणाची कसोटी ही आहे. त्याने आधी ती बोटभर तार काढावी. मुख्य बोर्डात तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवावी. तिला काम करण्यासाठी सॉकेटात अर्थिंग असण्याची गरज नसते, आणि पेटीला हात लागलाच तर झटका बसेल, पण वीज तुटेल. मग कूलर, न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांच्यापुरती हिरवी तार बाहेरून पट्टीतून ओढून खड्ड्याला जोडावी, खड्डा जागा करावा, मोजावा. बाकीच्या खोल्या पुढच्या वर्षी. ही मनाची पळवाट नव्हे. अमेरिकेची विद्युत संहिता १८९७ पासून प्रसिद्ध होत आली आहे आणि तिच्या काटेकोरपणाविषयी कोणाला शंका नाही. जुन्या, अर्थिंग नसलेल्या घरात अशाच जातीचे उपकरण बसवून सॉकेट बदलण्याची मुभा तीही देते. अट अशी, की त्या सॉकेटवर "अर्थिंग नाही" अशी चिठ्ठी लावली पाहिजे.

त्या चिठ्ठीत फार मोठे शहाणपण आहे. ब्रिटिश नियमांतही जाणत्या अभियंत्याला ठरावीक वाटेपासून हेतुपूर्वक दूर जाता येते. मात्र सुरक्षितता तसूभरही कमी होता कामा नये आणि कोठे, कसे दूर गेलो हे प्रमाणपत्रावर लिहिले पाहिजे. बोटभर तारेची युक्ती आणि टप्प्याटप्प्याने केलेली ही दुरुस्ती, दोन्ही पुस्तकाबाहेरच्याच. पण पहिली सॉकेटच्या आत लपवलेली असते. आपण काय केले आणि का केले, हे तो वायरमन बोर्डाच्या झाकणावर लिहून खाली सही करील का? करणार नाही. दुसरा करील.

अर्थात सारा दोष वायरमनच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. त्याला मजुरी पॉइंटच्या दराने मिळते. पॉइंट मोजता येतात, कारण ते भिंतीवर दिसतात. तारेचे आवरण मेगरने तपासणे, खड्ड्याचा रोध मोजणे, न्यूट्रलचे स्क्रू एकेक करून आवळणे, यांचा पॉइंट होत नाही, म्हणून त्याचे पैसेही होत नाहीत. गोविंदपुऱ्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत दोन वर्षे शिकून आलेला मुलगा ही उपकरणे हाताळून आलेला असतो. बाजारात उतरल्यावर त्याच्या पिशवीत पक्कड, टेस्टर आणि चिकटपट्टी एवढेच उरते, कारण गिऱ्हाइकाने याहून अधिक कधी मागितलेले नसते. छताच्या नक्षीसाठी हजारो रुपये मोजणारा गृहस्थ चार तासांच्या तपासणीचे पैसे द्यायची वेळ आली, की "दिवे तर लागतायत ना?" असे विचारतो. वायरमनच्या "आजवर काही झालं नाही" या वाक्याला घरमालकाकडून मिळालेली ही साथ आहे.

जूनच्या मध्याला हबीबगंजवर पहिला पाऊस येतो. काळी माती फुगते, भेगा बुजतात, आणि ज्या खड्ड्याने मे महिन्यात वीस ओहम दाखवले असते, तोच ऑगस्टमध्ये चार-पाच दाखवू लागतो. म्हणून अर्थिंगचे मापन कोरड्या ऋतूत करावे असे मानकातच सांगितले आहे. आकड्याशेजारी मापनाची तारीख लिहिण्याची पद्धत आहे, ती यासाठी. ज्यांच्या घरी असा कागद असेल त्यांनी बोर्डाचे झाकण उघडून ती तारीख पाहावी. ती श्रावणातली असेल, तर पुढल्या उन्हाळ्यात कूलर माळ्यावरून उतरण्यापूर्वी खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतून वायरमनला पुन्हा एकदा, मीटर घेऊन, बोलवावे.